दोन दप्तरे, एक व्याधी

क्रिएटिनिन ठीक म्हणजे मूत्रपिंडे ठीक, असा जो समज आपल्या सुशिक्षित वर्गातही रूढ होऊन बसला आहे, त्याच्या पायी माझ्या धाकट्या बहिणीची उमेदीची काही वर्षे फुकट गेली. तिचा वारंवार होणारा मुतखडा एका शल्यविशारदाच्या दप्तरी जमा होता आणि पहाटे उठताना पायांतले त्राण जाणे हे दुसऱ्या डॉक्टरांच्या. दोघांच्याही कागदांवर क्रिएटिनिन ०.९ असल्याने मूत्रपिंडावर संशय घेण्याचे प्रयोजन कोणास वाटले नाही. अशक्तपणा म्हणून ग्लुकोजचे सलाईन लावले गेले, त्याने रक्तातले उरलेसुरले पोटॅशियमही पेशींत ओढले जाऊन मानही उचलवेना.

पुढे एका मूत्रपिंडतज्ज्ञांनी दोन्ही दप्तरांचा मुकाबला केला. सोडियम १३९, पोटॅशियम २.४, क्लोराइड ११६. बायकार्बोनेट कोणी मोजलेच नव्हते, ते १३ निघाले. सोडियममधून शेवटचे दोन वजा जाता १० उरतात, हे अंतर प्राकृत. तेव्हा रक्तात परके आम्ल साचलेले नसून आतडे किंवा मूत्रपिंड यांतून अल्कली गळते आहे किंवा आम्ल बाहेर पडत नाही, एवढाच तर्क उरला, आणि जुलाबाची तक्रार तर नव्हती. अशा वेळी निरोगी मूत्रपिंड लघवीचा पीएच ५.५ च्या खाली आणते. तिचा ७ होता. डिस्टल रीनल ट्युब्युलर ॲसिडोसिस, म्हणजे मूत्रनलिकांना आम्ल बाहेर टाकता न येणे, हे निदान तेथेच ठरले. त्या आम्लाचा भार हाडांवर पडतो, कॅल्शियम लघवीत उतरते, खडे होऊ न देणारे सायट्रेट घटते, आणि मूत्रपिंडाच्या अंतर्भागात कॅल्शियम साठत जाते. सोनोग्राफीच्या अहवालात ती नोंद आधीपासून होती, वाचणारा मात्र नव्हता.

ज्यांच्या घरी खडे आणि कमी पोटॅशियम एकत्र नांदतात, त्यांनी रक्तातील बायकार्बोनेट व मॅग्नेशियम आणि ताज्या लघवीचा पीएच यांची तपासणी एकाच दिवशी मागावी. लघवीत जंतुसंसर्ग असल्यास पीएच उगाच वाढतो, म्हणून त्याची शहानिशा आधी व्हावी. चोवीस तासांच्या लघवीतील कॅल्शियम व सायट्रेटही मोजावे. बायकार्बोनेट उलट वाढलेले निघाल्यास बार्टर किंवा गिटेलमन यांच्या नावाच्या व्याधींचा विचार होतो. गिटेलमनमध्ये लघवीतील कॅल्शियम उलट कमी असते. डोळे व तोंड कोरडे पडत असल्यास तेही सांगावे, कारण शोग्रेन व्याधीत असे घडते. आणि पोटॅशियम सावरण्याआधी सोड्याचे औषध देण्याची घाई कोणी करीत असेल, तर विनयाने पण ठामपणे हरकत घ्यावी. त्याने पोटॅशियम आणखी घसरते.

बहीण आता पोटॅशियम सायट्रेट घेते, पाय धड आहेत. मूत्रपिंडात बसलेले कॅल्शियम मात्र जागचे हललेले नाही.