एका समुद्राचे वाटेकरी

प्रस्तावना

डॉल्फिन म्हटला की पाण्याबाहेर उसळी घेणारा, माणसाशी सलगी करणारा खेळकर प्राणी डोळ्यांपुढे उभा राहतो. हे चित्र खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. डॉल्फिनच्या अनेक जाती एकाच समुद्रात शेजारी म्हणून राहतात. शेजार आला की वाटणी आली आणि वाटणी आली की प्रसंगी भांडणही आले. या पाठात त्या दोहोंची ओळख करून घेऊ.

मूळ पाठ

चेन्नईच्या पूर्वेस बंगालचा उपसागर पसरला आहे. किनाऱ्यालगत पाणी उथळ आहे. दूरवर गेल्यावर मात्र सागरतळ एकदम खोल होतो. तमिळ भाषेत डॉल्फिनला ‘ओंगिल’ म्हणतात. नाव एक असले तरी या पाण्यात राहणाऱ्या जाती अनेक आहेत.

हम्पबॅक, म्हणजे पाठीवर कुबड असलेला डॉल्फिन, खाड्यांच्या मुखांजवळच्या उथळ, गढूळ पाण्यात राहतो आणि बोयसारखे किनाऱ्याचे मासे खातो. पॉर्पस हा डॉल्फिनचा लहान चणीचा, चोच नसलेला नातलग. येथील पॉर्पसच्या पाठीवर परही नसतो. तोही उथळ पाण्यातलाच. पण तो एकट्यादुकट्याने हिंडतो आणि कोळंबी, लहान मासे, माकूळ यांवर गुजराण करतो. बॉटलनोज डॉल्फिनचा वावर अधिक मोकळ्या पाण्यात असतो. स्पिनर डॉल्फिन मोठ्या कळपांनी राहतो आणि रात्री खोल पाण्यातून वर येणारे लहान मासे व माकूळ टिपतो. कोणी उथळ पाणी घेतले, कोणी खोल. कोणी दिवस घेतला, कोणी रात्र. या वाटणीमुळे एका समुद्रात अनेकांची पोटे भरतात. हाँगकाँगच्या किनाऱ्यावरही हेच दिसते. तेथे हम्पबॅक डॉल्फिन पश्चिमेकडील नदीमुखाच्या गढूळ पाण्यात, तर पॉर्पस दक्षिण व पूर्वेकडील पाण्यात आढळतात.

मात्र ही वाटणी सर्वत्र शांततेने पाळली जात नाही. स्कॉटलंडच्या ईशान्येस मोरे नावाचे आखात आहे. तेथील किनाऱ्यावर मृत पॉर्पस वाहून येत. त्यांच्या बरगड्या मोडलेल्या व फुप्फुसे फाटलेली असत. अंगावर समांतर ओरखडेही दिसत. या ओरखड्यांमधील अंतर बॉटलनोज डॉल्फिनच्या दातांमधील अंतराशी जुळले. मारेकरी शेजारीच होता, हा निष्कर्ष १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. विशेष म्हणजे डॉल्फिन मारलेल्या पॉर्पसला खात नाहीत. मग ते हल्ला का करतात? भक्ष्यासाठी स्पर्धा, हे एक कारण सांगितले जाते. बॉटलनोज नर कधीकधी स्वतःच्याच जातीच्या पिल्लांनाही मारतात. त्याच प्रवृत्तीचे हे रूप असावे, असेही काही संशोधक मानतात.

बहामा बेटांजवळ याच नात्याची दुसरी बाजू दिसते. तेथे ठिपकेदार डॉल्फिन आणि बॉटलनोज एकत्र पोहतात, खेळतात आणि भांडतातही. बॉटलनोज आकाराने मोठा असल्याने एकट्या ठिपकेदार डॉल्फिनवर वरचढ ठरतो. परंतु ठिपकेदार नर संख्येने जमले आणि एका लयीत पोहू लागले, की मोठ्या शेजाऱ्यालाही ते पिटाळून लावतात. शत्रुत्व आणि सोबत ही या प्राण्यांच्या बाबतीत वेगळी दालने नाहीत.

या भांडणांपेक्षा मोठे संकट मात्र माणसाकडून येते. या शतकाच्या पहिल्या दशकात चेन्नई, काकिनाडा आणि मंगळूर या बंदरांवर मासेमारीच्या जाळ्यांत नकळत अडकलेल्या डॉल्फिन-पॉर्पसांच्या नोंदी घेतल्या गेल्या. त्यांत उथळ पाण्यातल्या जाती होत्या, तशाच दूरच्या पाण्यातल्याही. मासा कल्ल्यात अडकावा म्हणून लावलेले नायलॉनचे बारीक जाळे त्यांना वेळीच जाणवत नाही. हे प्राणी फुप्फुसांनी श्वास घेतात. जाळ्यात अडकून पृष्ठभागावर येता आले नाही, तर ते गुदमरतात. कोळ्याला त्यांची शिकार करावयाची नसते. उलट जाळे फाटून त्याचेच नुकसान होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार डॉल्फिनच्या शिकारीला बंदी आहे. परंतु जाळ्याला कायदा वाचता येत नाही.

डॉल्फिनच्या जातींनी समुद्र आपसांत वाटून घेतला आहे. चुकून सीमा ओलांडली, तर शेजारी दात दाखवतो, तरीही माघार घेण्यास वाव उरतो. जाळे तो वाव देत नाही. म्हणून समुद्राच्या या वाटणीत सर्वांत उशिरा सामील झालेल्या माणसाची जबाबदारी सर्वांत मोठी आहे.

शब्दार्थ

सलगी – जवळीक
चण – शरीराची ठेवण
पर – माशाचा पंखासारखा अवयव
गुजराण – उदरनिर्वाह
वरचढ – अधिक बलवान

स्वाध्याय

१. हम्पबॅक आणि स्पिनर या डॉल्फिनांच्या राहणीतील दोन फरक सांगा.
२. पॉर्पसचे मारेकरी बॉटलनोज डॉल्फिन आहेत, हे कशावरून ओळखले गेले?
३. ‘जाळ्याला कायदा वाचता येत नाही’ या वाक्याचा आशय स्पष्ट करा.
४. तुमच्या परिसरात एकच पाणवठा, झाड किंवा माळ वाटून घेणाऱ्या प्राणी-पक्ष्यांचे निरीक्षण करून दहा ओळी लिहा.