मूळ व फांद्या
पाठ : एस्तेर 9:20–28, रोम. 11:17–24

एस्तेर राणीच्या काळच्या सुटकेस्तव यहूदी लोक प्रथम उपास करितात, मग पुरीमाचा आनंद करितात. ते दुःख विसरत नाहींत, व त्यांत बुडतही नाहींत.

दुसऱ्या महायुद्धांत (1939–1945) नाझी सत्तेनें यूरोपांत सुमारें 60 लक्ष यहूदी मारिले. मारणाऱ्यांत पुष्कळ बाप्तिस्मा झालेले होते, ही आम्हांस लाजेची गोष्ट आहे. 2018 सालीं अमेरिकेंत पिट्सबर्ग येथें सभास्थानांत शब्बाथासाठीं जमलेले 11 जण अशाच द्वेषाला बळी पडले. तरी उरलेल्यांनीं उपासना सोडिली नाहीं.

कलम केलेल्या फांदीनें ताठा मिरवूं नये, असें पौल शिकवितो. म्हणून ‘यहूद्यांनीं प्रभूस मारिलें’ असें कोणी बोलल्यास शिक्षकांनीं त्यास तेथेंच थांबवावें, आणि सांगावें कीं, प्रभु, त्याची आई व त्याचे प्रेषित यहूदीच होते.