गिऱ्हाईक कोणत्या देशाचं, ते त्यालाच सांगू दे

अगं, परवा फोनवर तू म्हणालीस की काकांच्या खळ्याची वेबसाइट आता तू सांभाळणार आणि पाच देशांसाठी पाच डोमेनं घ्यायचं चाललंय. काका शेजारीच होते, म्हणून तेव्हा जास्त बोलले नाही. देवळ्यात बसून दुबईला, क्वालालंपूरला, कोलंबोला कांदा आणि डाळिंब पाठवणाऱ्या माणसांचं हे काम तुझ्या हाती आलं, याचा मला फार आनंद झालाय. पैसे भरण्याआधी एवढं मात्र वाच.

पाच डोमेनं घेऊ नकोस. एक डॉट कॉम घे, एक डॉट इन घे. साइट डॉट कॉमवर चालव आणि डॉट इन तिकडे वळव. उलट का करायचं नाही, तर देशाचं डोमेन दिसलं की गूगल ती साइट मुख्यतः त्याच देशातल्या लोकांसाठी आहे असं धरतं. डॉट इनवरून मलेशियातल्या व्यापाऱ्याच्या शोधात वर येणं म्हणूनच जड जातं. पूर्वी सर्च कन्सोलमध्ये आपली साइट कोणत्या देशासाठी आहे ते निवडता यायचं, ती सोयही २०२२मध्ये बंद झाली. शिवाय काही देशांची डोमेनं कुणालाही मिळत नाहीत. कॅनडाचं डॉट सीए, ऑस्ट्रेलियाचं डॉट कॉम डॉट एयू यांना तिथला काहीतरी कायदेशीर संबंध दाखवावा लागतो. आणि मिळालेलं नाव हातात राहीलच असंही नाही. ब्रेक्झिटनंतर ब्रिटनमधल्या कित्येक मालकांची डॉट ईयू नावं गेली, कारण ती नावं युरोपीय संघाशी नातं असलेल्यांसाठीच होती. गूगलने स्वतः एप्रिल २०२५मध्ये जाहीर केलं की त्यांचे देशोदेशीचे पत्ते आता गूगल डॉट कॉमवर वळवले जातील. इतक्या मोठ्या कंपनीला एक पत्ता पुरतो, मग आपल्याला का पुरू नये?

देशासाठी वेगळी पानं मात्र हवीत, आणि ती एकाच डोमेनच्या पोटात. डॉट कॉम स्लॅश एई, स्लॅश एमवाय, अशी. पण झेंडा बदलला म्हणजे पान वेगळं होत नाही, हे आधीच सांगून ठेवते. उमराण्याच्या बाजारात भाव क्विंटलवर निघतो, बाहेरचा खरेदीदार टनाचा आणि डॉलरचा भाव विचारतो. कुणाला मोठा माल हवा, कुणाला गोल्टी चालते. गोणी किती किलोची, जाळी कोणती, माल कोणत्या बंदरात उतरणार, सोबत कोणते कागद लागतील, हे सगळं त्या त्या पानावर खरंखुरं लिहायला तुझ्याकडे असेल तरच ते पान कर. नाहीतर एकच चांगलं पान ठेव.

आता ज्यासाठी मुळात लिहायला बसले, ते. तुला कुणीतरी सुचवलंय की माणूस कोणत्या देशातून आलाय हे आयपी पत्त्यावरून ओळखायचं आणि त्याला आपोआप त्याच्या देशाच्या पानावर पाठवायचं. हे करू नकोस. अगदी कळकळीने सांगते, करू नकोस.

जानेवारी ते मार्चमध्ये द्राक्षाच्या हंगामात युरोपातले खरेदीदार नाशिकला येतात, पिंपळगाव-दिंडोरीकडे बागा बघतात. असा रॉटरडॅमचा एखादा माणूस नाशिकच्या हॉटेलात बसून डाळिंबासाठी तुझी साइट उघडेल. आयपी म्हणेल, हा भारतात आहे. त्याला रुपयातलं, क्विंटलचं पान दिसेल आणि युरोपचं पान तो शोधत बसेल. तिथे जायचा दुवा दाबला तरी साइट त्याला परत भारतातच आणून टाकेल. दुबईच्या अल अवीर मंडईतला व्यापारी केरळचा असेल, पाकिस्तानचा असेल, आपल्या मालेगावचाही असेल. तो दुबईत आहे म्हणून त्याला अरबी पान हवं, हे तुला कुणी सांगितलं? माणूस कुठे बसलाय आणि त्याला काय हवंय, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

दुसरं, गूगलची पानं वाचणारी यंत्रणा बहुतेक वेळा अमेरिकेतल्या पत्त्यांवरून येते. तू देशाप्रमाणे सगळ्यांना ढकलत राहिलीस तर तिला फक्त अमेरिकेसाठीचं पान दिसत राहील आणि दुबईचं, मलेशियाचं पान तिच्या नजरेलाच पडणार नाही. युरोपात तर याला कायदा आहे. डिसेंबर २०१८पासून तिथल्या गिऱ्हाइकाला त्याच्या संमतीशिवाय साइटच्या दुसऱ्या आवृत्तीवर पाठवता येत नाही.

मग करायचं काय? वर एक बारीक पट्टी दे. ‘तुम्ही अमिरातीतून पाहताय असं दिसतं, तिथलं पान बघायचं का?’ आणि त्याने एकदा निवड केली की ती लक्षात ठेव. गूगलला सांगायला एचरेफलँग नावाची खूण असते. प्रत्येक पानाने बाकीच्या सगळ्या पानांचा आणि स्वतःचाही उल्लेख करायचा. हा उल्लेख दोन्ही बाजूंनी नसेल तर ती खूण धरली जात नाही. यात एक जागा हमखास फसवते. ब्रिटनचं डोमेन डॉट यूके असलं तरी या खुणेत ब्रिटनसाठी जीबी लिहावं लागतं. आणि कोणत्याच देशात न बसणाऱ्यांसाठी एक्स-डिफॉल्ट म्हणून एक पान नेमून ठेव.

रीडायरेक्टचं बोलू. ३०१ म्हणजे कायमचं वळवणं, ३०२ म्हणजे तात्पुरतं. हा फरक का महत्त्वाचा, ते कांद्यावरूनच बघ. ८ डिसेंबर २०२३ला सरकारने कांद्याची निर्यात बंद केली, आधी ३१ मार्चपर्यंत म्हणून. मग मुदत वाढवली. ४ मे २०२४ला बंदी उठली तेव्हा टनाला किमान ५५० डॉलरचा दर आणि ४० टक्के शुल्क लागलं. सप्टेंबरमध्ये किमान दर गेला, शुल्क २० टक्क्यांवर आलं, आणि १ एप्रिल २०२५पासून तेही गेलं. उन्हाळ कांदा चाळीत असताना आपल्या घरांनी हे सगळं सोसलंय, तुला मी काय सांगू. उद्या पुन्हा असं झालं तर घाईघाईने कांद्याचं पान काढून टाकू नकोस, आणि ३०१ लावून ते डाळिंबाकडे तर मुळीच वळवू नकोस. ३०१ दिसलं की गूगल जुन्या पानाचा मान नव्याला देऊन टाकतं, आणि खरेदीदाराच्या फोनमधला ब्राउझर ते वळण लक्षात ठेवतो. तू नंतर ते काढलंस तरी त्याचा फोन डाळिंबच दाखवत राहू शकतो. कांद्याचं पान जागेवर ठेव, वर ठळक तारखेसह लिही की सध्या निर्यात बंद आहे आणि कळवायला हवं असल्यास नंबर द्या. वळवावंच लागलं तर ३०२. ३०१ फक्त तिथेच, जिथे परत यायचंच नाही. जसं तुझं डॉट इन.

आणि कायमचं वळवताना पानाला पान जोड. जुन्या साइटवरचं डाळिंबाचं पान नव्या डाळिंबाच्या पानावर, संपर्काचं संपर्काच्या पानावर. सगळंच मुखपृष्ठावर आणून सोडलं तर शोधत आलेला माणूस निघून जातो. टप्पेही वाढवू नकोस, एका उडीत पोचव. जुन्या गाळ्याच्या शटरवर ‘दुकान समोर हलवले आहे’ ही पाटी लोक किती वर्षं ठेवतात, तशीच ही वळणं ठेवायची. गूगल किमान एक वर्ष म्हणतं. मी म्हणेन, काकांची व्हिजिटिंग कार्डं आणि छापील गोण्या बाजारात फिरतायत तोवर. जुन्या डोमेनचं सुरक्षा प्रमाणपत्रही चालू लागतं बरं का. ते संपलं की वळण लागण्याआधीच ब्राउझर लाल इशारा दाखवतो आणि परका माणूस तिथूनच मागे फिरतो. लेट्स एन्क्रिप्टची फुकट प्रमाणपत्रं बरीच वर्षं ९० दिवसांची मिळत आली आहेत, म्हणून ती आपोआप नवी होतील अशी व्यवस्था लावून घे.

शेवटचं, आणि यासाठी मी भांडायलाही तयार आहे. डोमेन कुणाच्या नावावर आहे? साइट करून देणारा मुलगा घाईत स्वतःच्या ईमेलवर नोंदवून टाकतो. पुढे तो नोकरीला पुण्याला जातो, नंबर बदलतो, आणि रिन्यूची पत्रं कुणीच वाचत नाही. डॉट कॉमची मुदत संपली की नोंदणी कंपनीनुसार थोडे सवलतीचे दिवस मिळतात, मग ३० दिवस जास्त पैसे भरून ते सोडवता येतं, आणि त्यानंतर ते कुणीही घेऊ शकतं. नवा मालक फक्त साइट घेत नाही, त्या नावावर येणारं ईमेलही त्याच्याकडे जातं. म्हणजे कोलंबोच्या खरेदीदाराने बँकेचे कागद जुन्या पत्त्यावर पाठवले तर ते परक्याच्या हातात. आपल्या घरांत बाईच्या हातात कामं बरीच येतात, कागद फारसे येत नाहीत. तेव्हा नोंदणी खळ्याच्या फर्मच्या नावावर कर, ईमेल तुझं आणि काकांचं दोघांचं लाव, ओटीपीचा नंबर घरातला ठेव, आणि एकदम पाच वर्षांचे पैसे भरून टाक. आज रात्री जेवणं झाली की काकांना शेजारी बसव, लॉगिन उघड आणि मालकाच्या रकान्यात कुणाचं नाव आहे ते मला कळव.