खाणीचा नफा की गावचे भांडवल?

वाणिज्य शाखेच्या पहिल्याच वर्षी भांडवली जमा आणि महसुली जमा यांतला फरक शिकवला जातो. दुकानातला माल विकून आलेले पैसे ही महसुली जमा; दुकानाची इमारतच विकून आलेले पैसे ही भांडवली जमा. दुसऱ्या प्रकारचे पैसे जो नफा समजून खर्च करतो त्याचे दुकान लवकरच बसते. प्रस्तुत लेखात हाच साधा नियम मला डिचोली तालुक्यातील लोहखनिजाला लावून पाहायचा आहे. पर्यावरण आणि विकास यांचे हाडवैर आहे, असे आपण वक्तृत्व स्पर्धांतून नेहमी ऐकतो. माझ्या मते हे वैर पुष्कळसे हिशेबाच्या पद्धतीतून निर्माण झाले आहे.

गोव्यातील खनिजाची मोठी निर्यात दुसऱ्या महायुद्धानंतर सुरू झाली. जपानला पोलादासाठी खनिज हवे होते आणि पोर्तुगीज सरकार खाणींचे परवाने नाममात्र मोबदल्यात देत होते. मुक्तीनंतरही हे परवाने चालूच राहिले. १९८७ च्या कायद्याने त्यांचे रूपांतर भाडेपट्ट्यांत झाले. १९९० च्या दशकात वर्षाला साधारण दीड कोटी टन खनिज बाहेर जात असे. मग चीनची मागणी आली. २००८ साली चिनी बाजारात खनिजाचा भाव टनाला १०० डॉलरच्याही वर होता. त्यामुळे पूर्वी टाकाऊ म्हणून डोंगराएवढे रचून ठेवलेले कमी प्रतीचे खनिजही विकले जाऊ लागले. २०१०-११ मध्ये गोव्यातून ५ कोटी टनांहून अधिक खनिज बाहेर गेले. त्यात काही कर्नाटकातून आलेलेही होते. उसगाव-तिस्कच्या रस्त्यावर ट्रकांची जी रांग लागे तिच्या गोष्टी फोंड्यात अजून सांगतात.

ही तेजी कागदावर दिसते तशी गावात दिसत नाही, म्हणून गावातला व्यवहार थोडा तपशिलाने पाहू. एक टन खनिज काढायला अडीच ते तीन टन माती बाजूला करावी लागते. ही माती उतारावर रचली जाते, आणि आपल्याकडचा पाऊस वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर! चार महिन्यांत ती ओहोळांतून शेतात उतरते. दुसरा प्रश्न पाण्याचा. आपल्या डोंगरांच्या माथ्यावरचा जांभा दगड सच्छिद्र असतो. तो पावसाचे पाणी पिऊन ठेवतो आणि पायथ्याच्या झरीला, विहिरीला, कुळागराला ते उन्हाळाभर पुरवतो. खाण सुरू करताना आधी हेच टोपण काढले जाते. पुढे खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला की पंप लावून पाणी उपसावे लागते, आणि आसपासच्या विहिरींचे पाणी त्या खड्ड्याकडे ओढले जाते. शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेला राज्यभरातून लोक येतात. त्याच गावच्या विहिरी खाणींमुळे आटल्या.

मग लोक गप्प का राहिले? येथे आर्थिक परिस्थितीचा प्रश्न येतो. भातशेती तोट्यात होती. शेतात गाळ आला तर खाणीकडून वर्षाची नुकसानभरपाई मिळे, आणि न पेरता मिळणारी ती रक्कम पेरून मिळणाऱ्या उत्पन्नापेक्षा कमी नसे. एक-दोन वर्षे पडीक राहिलेले शेत मग पडीकच राहिले. घरातला मुलगा ट्रकवर, शेजारी बार्जवर, मेहुणा खाणीच्या वर्कशॉपमध्ये. अशा माणसाला विहीर आटल्याचे दुःख नसते असे नव्हे. पण तक्रार कोणाविरुद्ध करायची? ज्याला उत्पन्नाचा दुसरा मार्ग आहे तोच 'नको' म्हणू शकतो. गावाला पर्यावरणाचे महत्त्व कळत नव्हते, असे शहरातल्या व्यासपीठावरून म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

आमच्याच घरचे उदाहरण देतो. माझ्या काकांनी तेजीच्या काळात कर्ज काढून ट्रक घेतला. महिन्याचे भाडे आले की हप्ता, डिझेल व ड्रायव्हरचा पगार वजा जाता उरेल तो नफा, असा त्यांचा हिशेब. घसारा नावाची गोष्ट त्यात नव्हतीच. २०१२ साली खाणी बंद झाल्या तेव्हा मी सात वर्षांचा होतो. अंगणात उभ्या असलेल्या त्या ट्रकवर आम्ही मुले खेळायचो, एवढेच मला आठवते. पुढे तो मिळेल त्या किमतीला गेला. "दोन वर्षं मी ट्रकच विकून खात होतो रे, ते शेवटी कळलं," असे काका आता म्हणतात.

काकांना जे उशिरा कळले ते आमच्या पूर्वजांना पक्के ठाऊक होते. गोव्याच्या गावकरी संस्थेचा हिशेब पाहावा. गावची सामाईक शेते पावणी करून खंडाने दिली जात. आलेल्या पैशांतून आधी सरकारचा कर, देवस्थानाचा व गावकामाचा खर्च, आणि खाजन शेतीचे बांध व मानस यांची डागडुजी. एवढे भागल्यावर जे उरेल तेच 'जोण' म्हणून गावकरांना वाटले जाई. बांध फुटला तर खारे पाणी शिरून शेते काही वर्षे निकामी होतात, म्हणून बांध आधी, वाटणी मागाहून. आजच्या भाषेत सांगायचे तर भांडवल शाबूत ठेवल्यावाचून लाभांश नाही. ही व्यवस्था आदर्श होती असे मात्र मी म्हणणार नाही. जोणीचा हक्क ठरावीक घराण्यांतल्या पुरुषांना होता, कसणाऱ्या कुळाला नव्हता. १९७६ च्या कूळ कायदा दुरुस्तीने कुळाला जमीन मिळाली हे योग्यच झाले. पण बांधाची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न त्यानंतर दुर्भाट-बोरीपासून दिवाडीपर्यंत सैल राहिला, हेही नाकारता येत नाही.

याच्या उलट खाणींचा कायदेशीर हिशेब पाहा. लेखापरीक्षणाच्या अभ्यासात ली विरुद्ध न्यूशातेल अस्फाल्ट कंपनी हा १८८९ चा इंग्लंडमधील खटला येतो. कंपनीजवळ स्वित्झर्लंडमधील डांबरी दगडाच्या खाणीचा परवाना होता. खाण दरवर्षी रिकामी होत असता त्याची तरतूद न करता लाभांश वाटू नये, असे एका भागधारकाचे म्हणणे. न्यायालयाने ते मानले नाही. झिजत जाणाऱ्या मालमत्तेची भरपाई करण्याचे बंधन कंपनीवर नाही, असा निर्णय दिला. वर्गात हा निर्णय ऐकताना माझ्यासमोर डिचोलीचे खड्डे उभे राहिले. शिवाय रिक्ततेचा हिशेब, म्हणजे खाणीची मूळ किंमत भागिले एकूण टन, गुणिले त्या वर्षीचे टन, करायचा झाला तरी आपल्याकडे मूळ किंमतच नाममात्र. त्यामुळे खातेवहीत झीज जवळजवळ शून्य आणि नफा भरघोस. सरकारचीही तीच गत. २००९ पर्यंत स्वामित्वधन टनामागे ३० रुपयांच्याही आत होते. त्यानंतर किमतीच्या शेकडा १० झाले, आणि २०१४ मध्ये शेकडा १५.

पुढील घटना बहुतेकांना माहीत आहेत. शहा आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेत मांडला गेला आणि खाणी थांबल्या. २१ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर २००७ नंतरचे खाणकाम बेकायदेशीर ठरवले, वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीच्या शेकडा १० रकमेचा कायम निधी उभारायला सांगितले. त्यानंतर सरकारने ८८ भाडेपट्ट्यांचे जे नूतनीकरण केले ते न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये रद्द केले. वृत्तपत्रांत चर्चा झाली ती मुख्यतः बंदीची. मला महत्त्वाची वाटते ती कायम निधीची गोष्ट, कारण हे पैसे भांडवल आहेत असे तिथे थोडेसे तरी मान्य झाले.

घरी आम्ही कन्नड बोलतो, त्यामुळे बळ्ळारीच्या बातम्या माझ्या कानी पडत असतात. कच्च्या धातूला कन्नडमध्ये 'अदिरु' म्हणतात. लोकायुक्त संतोष हेगडे यांच्या अहवालानंतर २०११ साली तिथल्याही खाणी न्यायालयाने थांबवल्या. पण ज्यांच्याकडून कमी उल्लंघन झाले त्या आधी चालू केल्या आणि खाणींकडून घेतलेला पैसा बाधित भागाच्या पुनर्वसनासाठी वेगळा ठेवला. तो वेळेवर खर्च होत नाही अशी तिथे ओरड आहे. परंतु खाते तरी वेगळे आहे. खाते नसेल तर काय होते ते पॅसिफिकमधील नाउरू बेटावर दिसते. १९६८ साली स्वतंत्र झालेल्या या देशाने फॉस्फेट विकून काही काळ जगातल्या श्रीमंतांत जागा मिळवली. निधी होता, पण तो उधळला गेला. आता बेटाचा मधला भाग खणून ओसाड झाला आहे.

पेडण्यात लोहखाणींचे असे प्रस्थ नाही. तिथे विकला जातो तो सडाच. मोपाच्या पठारावर जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली आणि आसपासच्या जमिनीला कधी नव्हता तो भाव आला. विमानतळामुळे रोजगार मिळतो, हे खरे. परंतु पाणी धरणारा जांभा पेडण्यात वेगळा नाही, आणि भाट विकून आलेले पैसे लग्नात नि मोटारीत गेले तर तेही काकांच्या ट्रकसारखेच.

डिसेंबर २०२२ मध्ये डिचोलीच्या खनिजपट्ट्याचा लिलाव झाला. बोली लागली ती खनिजाच्या सरासरी विक्री किमतीच्या शेकडा ६० हून अधिक, आणि ती स्वामित्वधनाव्यतिरिक्त! ज्या मालाचे इतकी वर्षे शेकडा १० किंवा त्याहूनही कमी घेतले, त्याची किंमत बाजाराने एका दिवसात सांगितली. लिलावाचा हा पैसा आता सरकारकडे येऊ लागला आहे. कायम निधीचा आणि जिल्हा खनिज निधीचा वाटा सोडला, तर उरलेली रक्कम राज्याच्या अर्थसंकल्पात करेतर महसूल म्हणूनच लिहिली जाते.