वरून फोडणी

सांगली, ३० जून

चि. बंड्यास,


परवा फोनवर तू म्हणालास, बारा दिवस उकडलेला दुधी खाल्ला आणि तेराव्या दिवशी पिझ्झा मागवला. बारावं-तेरावं ऐकून मी मनात म्हटलं, चला, जिभेचं सुतक एकदाचं फिटलं. फोनवर हसले, पण नंतर तुझ्या रिपोर्टमधले आकडे आठवले आणि हसू गेलं. म्हणून हे पत्र. फोनवर तू 'हो मावशी, हो मावशी' करतोस आणि ठेवतोस. कागद निदान फ्रीजवर चिकटवता येतो.

डॉक्टरांनी तेल-मीठ कमी करायला सांगितलं. चव कमी करा असं कुठे म्हणाले ते? हीच चूक मी १९९८ साली केली होती. तुझ्या काकांचं ब्लडप्रेशर निघालं आणि मी दुसऱ्या दिवसापासून सगळं अळणी करायला घेतलं. आमटी अळणी, भाजी अळणी, ताकसुद्धा बिनमिठाचं. काका मुकाट्याने जेवायचे आणि मला वाटायचं, काय गुणाचा नवरा! महिन्याभराने कळलं की संध्याकाळी 'जरा पाय मोकळे करून येतो' म्हणून जाणारा हा माणूस कोपऱ्यावर भडंग खाऊन येत होता. प्रेशर होतं तिथेच राहिलं आणि वर घरात चोरटेपणा आला. चूक त्यांची नव्हती, माझी होती. ताटात काही उरलंच नाही तर माणूस ताटाबाहेर शोधणारच.

तेव्हा तू आधी बुधलीची धार थांबव. मी 'अंदाजे' तेल ओतणाऱ्यातलीच होते, त्यामुळे हा अंदाज किती खोटा असतो ते मला ठाऊक आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २५ ग्रॅम आणि बाईला २० ग्रॅम वरचं तेल-तूप पुरे असं म्हटलं होतं. तुम्हा दोघांचे महिन्याचे झाले साडेतेराशे ग्रॅम, म्हणजे साधारण दीड लिटर, आणि त्यात वरणावरचं तूप, पावावरचं लोणीही आलं. तुझा पाच लिटरचा कॅन सहा आठवड्यांत संपतो ना? कर हिशेब, इंजिनिअर आहेस. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं, त्यात वाटी-चमच्याची मापं दिलेली आहेत. ते पुस्तक तुझ्या आईकडेही होतं. मापाने स्वयंपाक करणं म्हणजे काही हात नसल्याचं लक्षण नव्हे.

आता मुद्द्याचं. मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता, लसूण यांचा वास पाण्यात नीट उतरत नाही, तेलात उतरतो. म्हणजे तेलाचं काम वास वाहून न्यायचं. त्याला तेल खूप नाही, कडकडीत लागतं. तुम्ही काय करता, कढईत तीन पळ्या तेल घालता, फोडणी करता, मग त्यावर भाजी टाकून वीस मिनिटं शिजवता. तोवर फोडणीचा वास स्वयंपाकघरभर, जिन्यात, शेजाऱ्यांकडे जाऊन पोचतो आणि भाजीत नुसतं तेल राहतं. माझी सासू उलटं करायची. कढईत चमचाभर तेलावर भाजी परतायची आणि वर झाकण म्हणून ताट ठेवून त्या ताटात पाणी ओतायची. पाण्यामुळे ताट गार राहतं, आतली वाफ त्याला लागून परत भाजीवर ठिबकते, भाजी आपल्याच पाण्यात शिजते आणि खाली लागत नाही. पाणी कमी पडलंच तर ताटातलं गरम पाणी घालायचं. फ्लॉवर, गवार, दोडका, तुझा तो बिचारा दुधीसुद्धा असा शिजव.

मग शेवटी वरून फोडणी. लोखंडी पळीत दोन चहाचे चमचे तेल घे आणि पळी तिरकी धर, म्हणजे तेल एका कडेला गोळा होतं आणि एवढ्याशा तेलातही मोहरी बुडते. मोहरी पुरती तडतडू दे, अर्धवट राहिली तर कडू लागते. मग जिरं, हिंग, कढीपत्ता, हळद अगदी शेवटी, कारण ती क्षणात जळते. भाजीवर ओतायची की लगेच झाकण! दोन मिनिटं उघडायचं नाही. पहिला घास घेण्याआधी वास नाकात गेला की जीभ निम्मी खूश झालेली असते. आमच्याकडे अंबाडीच्या भाजीवर लसणीची फोडणी पानात घेतात ती उगाच नाही. (अंबाडीवर मात्र लोक वाटीने तेल ओततात. तू चमच्यानेच घे.)

वाटणाचंही तसंच. कांदा-खोबरं तेलात परतायची गरज नाही. कांदा सालासकट जाळीवर ठेवून काळा होईपर्यंत भाज, सुकं खोबरं विस्तवावर धर. तो भाजका वास तेलात तळून कधीच यायचा नाही, वांग्याच्या भरताला विचार. खोबऱ्याचं प्रमाण मात्र सांभाळ. दाण्याच्या कुटाचंही, कारण शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेलच असतं. मूठभर कूट घालून 'बघ, तेल टाकलंच नाही' म्हणणारे खूप भेटतात.

मिठाचं जरा अवघड. जागतिक आरोग्य संघटना सांगते, माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक सपाट चहाचा चमचा. मी काय करते, रविवारी दोघांचं आठवड्याचं ७० ग्रॅम मीठ एका छोट्या बरणीत काढून ठेवते. ती बरणी शुक्रवारी संपली तर मी नाही, बरणीच बोलते. पण हे झालं दिसणारं मीठ. पापडात मीठ असतंच, वर पापडखारातूनही सोडियम जातं. लोणचं, फरसाण, ब्रेड, तुझे ते नूडल्सचे मसाले, हे सगळं बरणीबाहेरचं. पापड-लोणचं दोन्ही रोज नको, एक घे, तेही तोंडी लावण्यापुरतं. तोंडी लावणं म्हणजे काय ते शब्दातच आहे.

मीठ कमी केल्यावर जी पोकळी राहते ती आंबटाने भरते. आमटीत दोन आमसुलं जास्त, भाजीवर शेवटी लिंबू, वरणात चिंच आणि बोटभर गूळ. कोशिंबिरीत मीठ अगदी वाढताना घाल. आधी घातलंस तर काकडी पाणी सोडते, ते पाणी तू ओतून देतोस आणि पुन्हा मीठ घालतोस. पहिले काही आठवडे सगळं फिकं लागेल, मग जीभ वळते. आता मला बाहेरची भाजी खारट लागते, आणि काकांनाही, जरी ते कबूल करत नाहीत. ते 'लो सोडियम' मीठ मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नकोस, त्यात पोटॅशियम असतं आणि प्रेशरच्या काही गोळ्यांबरोबर ते चालत नाही.

भाकरीचं थोडक्यात. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून पीठ कढत पाण्यात मळ. थापता येत नसेल तर लाट, कोणी बघत नाही. पीठ मात्र थोडं थोडं दळून आण. जुनं झालं की त्याची विरी जाते आणि भाकरी तव्यावर टाकायच्या आधीच तुटते. मग तू माझ्या नावाने बोटं मोडशील.

आणि हो, हे सगळं सूनबाईला वाचून दाखवून मोकळा होऊ नकोस. रिपोर्ट तुझा आहे, पळीही तूच धरायचीस.

बुधवारी वरच्या मजल्यावरचा मुलगा पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर डबा पाठवते. गोडा मसाला आहे, आमसुलं आहेत, आणि माझ्या सासूबाईंची लोखंडी पळी आहे. ती घासल्यावर लगेच कोरडी पुस आणि तेलाचं बोट फिरव, नाहीतर गंजेल.

तुझी,
मावशी

ता. क. डब्याच्या तळाशी कागदात गुंडाळलेलं भडंग सापडेल. ते काकांनी माझ्या नकळत ठेवलंय असं त्यांना वाटतं. मी पाहिलं, पण काढलं नाही. स्टीलचा डबा मात्र परत पाठव.