पाठदुखीवरचं पुस्तक निवडताना

आमच्या शांती नगरहून मीरा रोडची लोकल गाठणारे असोत की होस्टेलवर रात्रभर कॉम्प्युटरपुढे बसणारे, पाठ सगळ्यांचीच दुखते. पाय बधिर पडत असेल किंवा ताप असेल, तर आधी डॉक्टर गाठा. तपासणीत काही निघालं नाही, तरी तीन महिन्यांच्या वर दुखतंय? मग पुस्तक घ्या, पण पारखून.

डॉ. सार्नो यांचं ‘हीलिंग बॅक पेन’ (१९९१) दडपलेल्या रागावर बोट ठेवतं. पुरावा मात्र कमी. बटलर-मोझली यांचं ‘एक्स्प्लेन पेन’ (२००३) मेंदूचा अलार्म चित्रांतून समजावतं. गॉर्डन यांच्या ‘द वे आउट’मधली (२०२१) पद्धत अमेरिकेत थेरपिस्टच्या मदतीने तपासली गेली, ५० पैकी ३३ जणांचं दुखणं जवळजवळ थांबलं. मी सुरुवात यानेच करा म्हणेन.

दुखणं खरंच असतं. त्याला ‘नाटक’ म्हणणारं किंवा गॅरंटी देणारं पुस्तक परत ठेवा.