परवलीचा शब्द

‘परवलीचा शब्द’ हा प्रयोग हल्लीं गोष्टींच्या पुस्तकांतच उरला आहे, असें आमच्या पुष्कळ विद्यार्थिमित्रांस वाटतें. रात्रीं छावणीच्या तोंडाशीं पहारेकऱ्यानें ‘कोण आहे?’ म्हणून हटकावें आणि येणाऱ्यानें त्या दिवसापुरता ठरलेला शब्द उच्चारून आंत जावें, ही ती रीत. इसवी सनापूर्वींच्या दुसऱ्या शतकांतील पॉलिबियस नांवाच्या ग्रीक इतिहासकारानें रोमन सैन्याचें वर्णन लिहून ठेविलें आहे. रोज सायंकाळीं पाटीवर लिहिलेला शब्द तुकडीतुकडींतून कसा फिरे, आणि अंधार पडण्यापूर्वीं एखादी पाटी परत न आल्यास चूक कोणाची याचा छडा कसा लावीत, हें त्यांत सांगितलें आहे. आमच्या वाचकांपैकीं प्रत्येक जण आज दिवसांतून दहा वेळां हाच व्यवहार करतो. शब्दाला आपण ‘पासवर्ड’ म्हणतों आणि पहारेकरी यंत्र असतें, इतकाच फरक. ह्या पहारेकऱ्याला बोलणाऱ्याचें चांचरणें कळत नाहीं. शब्द बरोबर आला कीं तो दार उघडतो, मग तो कोणाच्याही हातून येवो.

गेल्या वर्षीं आमच्या वसतिगृहांतील एका विद्यार्थ्याच्या बाबतींत जें घडलें, त्यावरून हा लेख लिहिण्याचें आम्हीं मनांत आणलें. (त्याची अनुमति घेऊनच लिहीत आहों, नांव सांगण्याचें कारण नाहीं.) एके दिवशीं दुपारीं त्याच्या थोरल्या बहिणीस त्याच्या नांवानें निरोप आला कीं, परीक्षेची फी आजच भरावयाची आहे, तरी सोबतच्या क्रमांकावर साडेतीन हजार रुपये धाड. ती शिवणकाम करून घर चालविते. निरोप भावाच्याच खात्यावरून आलेला, हांकही ‘ताई’ म्हणूनच मारलेली. तिनें शिवणयंत्राच्या हप्त्यासाठीं बाजूला ठेविलेले पैसे तत्काळ धाडले. सायंकाळीं वसतिगृहाच्या फोनवर दोघांचें बोलणें झालें, तेव्हां खरी हकीकत उघडकीस आली. तक्रार केली, पण तोंपर्यंत पैसे पुढच्या पुढें गेले होते. ते आजतागायत परत आलेले नाहींत.

त्या मुलानें ईमेल, चित्रें व निरोप धाडण्याचें खातें, अभ्यासाचें एक ॲप आणि खेळाचें एक संकेतस्थळ ह्या चारही ठिकाणीं एकच शब्द ठेविला होता : स्वतःचें नांव व पुढें जन्माचें साल. ट्रॉय हंट नांवाच्या ऑस्ट्रेलियन गृहस्थांनीं २०१३ सालीं ‘हॅव आय बीन पोन्ड’ नांवाची एक विनामूल्य सोय सुरू केली. तेथें आपला ईमेलचा पत्ता घातला असतां तो कोणकोणत्या चोरीस गेलेल्या याद्यांत आढळतो, हें कळतें. आम्हीं त्या मुलाला जवळ बसवून त्याचा पत्ता घालून पाहिला; खेळाच्या त्या स्थळाचें नांव पुढें आलें. खेळ त्यानें दोन वर्षांपूर्वींच सोडला होता. किल्ली मात्र तेथेंच राहिली होती, आणि घराचीही किल्ली तीच होती. चोरानें ती किल्ली एकेका दाराला लावून पाहिली असावी, आणि आंत गेल्यावर जुने निरोप वाचून भाऊ बहिणीला कसा लिहितो हेंही शिकून घेतलें असावें.

वाचक विचारतील, स्थळवाल्यांच्या वहींत आमचा शब्द असतोच कशाला? पूर्वीं तो जसाच्या तसा असे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथें एकच मोठा संगणक अनेकांनीं वांटून वापरण्याची पद्धत सुरू झाली, तेव्हां प्रत्येकास निराळा पासवर्ड मिळाला. १९६२ सालीं ॲलन शेर नांवाच्या तेथील संशोधकास आठवड्याच्या ठरीव तासांत आपलें काम उरकेना. त्यानें त्या यंत्रालाच पासवर्डांची सगळी यादी छापून देण्यास सांगितलें! यंत्रानें ती मुकाट्यानें छापून दिली, आणि शेर महाशय इतरांच्या वेळांत काम करूं लागले.

पुढें शहाण्या लोकांनीं अशी युक्ति काढली कीं, शब्द वहींत ठेवूंच नये. जात्यांत दाणे घातले म्हणजे पीठ निघतें. पिठाचे दाणे पुनः होत नाहींत. गणिताचें हें जातें असें चमत्कारिक आहे कीं, तेच दाणे घातले तर अगदीं तेंच पीठ पडतें, आणि एक दाणा बदलला तर सगळें पीठ पालटतें. स्थळवाल्यानें फक्त पीठ ठेवावें. आपण शब्द सांगितला कीं तो दळून पाहावा आणि दोन्ही पिठें जुळलीं तर दार उघडावें. प्रत्येकाच्या दाण्यांत निरनिराळें मीठ टाकून दळण्याचीही रीत आहे (इंग्रजींतही तिला ‘मीठ’च म्हणतात), म्हणजे दोघांचा शब्द एकच असला तरी पीठ वेगळें पडतें. हें सर्व ठाऊक असूनही आळस सुटत नाहीं. २००९ सालीं ‘रॉकयू’ नांवाच्या कंपनीची वही चोरीस गेली, तेव्हां तींत ३ कोटी २० लाख पासवर्ड उघड्या अक्षरांत सांपडले. त्यांत सर्वांत अधिक वेळां आलेला शब्द होता ‘१२३४५६’. सुमारें २ लाख ९० हजार लोकांनीं तोच पसंत केला होता. २०१२ सालीं ‘लिंक्डइन’ची वही गेली, तींत पीठ होतें, पण मीठ नव्हतें. कोणतें स्थळ आपली वही कशी राखतें, हें आपणांस बाहेरून दिसत नाहीं, ही ह्या प्रकरणांतील खरी अडचण आहे.

वही पिठाची असली तरी चोर निराश होत नाहीं. दारावर उभा राहून तो शब्दामागून शब्द सांगूं लागला तर पहारेकरी पांच-दहा चुकांनंतर दार बंद करतो. वही घरीं नेली म्हणजे मात्र त्याला कोण अडविणार? तो स्वतःच्या जात्यावर एकेक शब्द दळतो आणि वहींतील पिठाशीं ताडून पाहातो. मुद्दाम सावकाश फिरणारीं जातीं आतां निघालीं आहेत. पण जातें जलद असेल तर सेकंदाला शंभर कोटी शब्द दळणें खेळांसाठीं घेतलेल्या चांगल्या संगणकालाही साधतें. आतां थोडें गणित करूं. रोमन लिपींतील लहान २६ अक्षरांपैकीं कोणतींही आठ घेतलीं, तर शब्द होतात सुमारें २०,८८३ कोटी. संख्या केवढी मोठी वाटते! परंतु वरील वेगानें ते सगळे दळून व्हावयास साडेतीन मिनिटें पुरतात. चार अक्षरें वाढवून बारा केलीं कीं काम ४,५६,९७६ पट होतें, म्हणजे त्याच यंत्रास तीन वर्षें लागतात. सोळा केलीं तर तेरा लाखांहून अधिक वर्षें. मुलांनीं हा गुणाकार वहींत स्वतः करून पाहावा. आमच्या शब्दावर विश्वास ठेवण्याची गरज नाहीं.

मात्र हा हिशोब अक्षरें खरोखर स्वैर पडलीं असतील तरच खरा. नांव आणि जन्मसाल यांची जोडी सोळा अक्षरांची असली तरी फुकट आहे. एक लाख नांवें आणि शंभर सालें धरलीं तरी जोड्या एक कोटीच होतात, आणि त्यांस सेकंदाचा शंभरावा भाग लागतो! आमच्या शाळेंतील मुलांस स्तोत्रसंहितेंतील एखादी ओळ घ्यावीशी वाटेल, कोणास अभंगाचा चरण सुचेल. तेंही नको. जें छापलेलें आहे तें चोराच्याही यादींत असतें.

मग करावें काय? आम्हांस सर्वांत आवडलेली रीत फांशांची आहे. अमेरिकेंतील अर्नोल्ड राइनहोल्ड यांनीं ती १९९५ सालीं सुचविली. एका यादींत ७,७७६ साधे शब्द क्रमांक घालून लिहिलेले असतात. फांसा पांच वेळां टाकला कीं जो क्रमांक पडेल तो शब्द घ्यावयाचा. असे पांच शब्द एकापुढें एक लिहिले कीं वरील यंत्रास सगळ्या जोडण्या तपासण्यास सुमारें ९०० वर्षें लागतात, आणि आपणांस ते दोन दिवसांत पाठ होतात. ‘घागर, वीट, तिरळा, पोहे, सनई’ असें कांहींतरी पडतें, आणि त्यांतून एखादें वेडेंवांकडें चित्र मनांत उभें राहतें. (हा नमुना मात्र कोणीं घेऊं नये, तो आतां छापला गेला.) शब्द आपण निवडावयाचे नाहींत, फांशानें निवडावयाचे; मनुष्याचें मन स्वैर निवड करूं शकत नाहीं, आणि चोर तेवढ्यावरच जगतो.

येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. पासवर्डांत एक मोठें अक्षर, एक आंकडा व एक चिन्ह हवें आणि ठराविक दिवसांनीं तो बदलावा, हा नियम अमेरिकेच्या मानक संस्थेंतील बिल बर यांनीं २००३ सालीं लिहिलेल्या सूचनांवरून सर्वत्र पसरला. लोकांनीं काय केलें? जुन्याच शब्दाच्या शेवटीं १ लावला आणि पुढल्या खेपेस २ लावला. २०१७ सालीं त्या संस्थेनें सूचना बदलून लांबीवर भर दिला आणि विनाकारण पालटण्याची सक्ति काढून टाकण्यास सांगितलें. बर यांनींही आपल्या जुन्या सल्ल्याबद्दल खेद प्रकट केला. चूक कबूल करणारा तज्ज्ञ आम्हांस कधींच न चुकणाऱ्यापेक्षां अधिक भरंवशाचा वाटतो.

प्रत्येक दाराला निराळी किल्ली हवी, हें ऐकून मुलें हंसतात : वीस शब्द पाठ कोण करणार? कोणी करूंही नये. पासवर्ड मॅनेजर नांवाचें ॲप हें काम चोख करतें. त्याचा एकच लांब शब्द ध्यानांत ठेवावा लागतो. तें नको असेल तर घरीं पेटींत ठेविलेली साधी वहीही वाईट नाहीं, कारण दूर देशींच्या चोराचा हात तेथपर्यंत पोहोंचत नाहीं. निदान ईमेलची किल्ली तरी सर्वस्वीं वेगळी असावी. ‘पासवर्ड विसरलों’ म्हटलें कीं इतर सगळ्या दारांच्या नव्या किल्ल्या तेथेंच येतात. वसतिगृहांत मित्राला पासवर्ड देणें ही मैत्रीची खूण समजतात, असें आमच्या कानीं आलें आहे. मित्र प्रामाणिक असेल. त्याचा फोन हरवला तर?

दुसरें कुलूप म्हणजे मोबाईलवर येणारा ओटीपी, किंवा त्याच कामाच्या ॲपमध्यें साधारणतः दर तीस सेकंदांनीं पालटणारा आंकडा. खरी परवली हीच : एका दारापुरती, एका वेळेपुरती. म्हणूनच चोर ती फोन करून मागतो. कधीं बँकेचा अधिकारी होतो, कधीं पोलीस. तसेंच यूपीआयचा पिन पैसे देतांना लागतो, घेतांना कधींच लागत नाहीं. ‘पैसे जमा करण्यासाठीं पिन घाला’ असें जो सांगेल तो लबाड समजावा. फसवणूक झालीच तर १९३० ह्या क्रमांकावर तत्काळ कळवावें. पैसे पुढें सरकण्यापूर्वीं अडविले गेले तरच कांहीं आशा, आणि त्या बहिणीच्या बाबतींत नेमका वेळच गेला.

अंगठ्याचा ठसा हा पासवर्डपेक्षां चांगला नव्हे काय, असें वर्गांत विचारलें गेलें. पवित्र शास्त्रांतील शास्त्यांच्या पुस्तकांत, बाराव्या अध्यायांत, यार्देनेच्या उताराशीं गिलादी लोकांनीं पळणाऱ्या एफ्राइमी लोकांस ‘शिब्बोलेथ’ हा शब्द उच्चारावयास लावला, ही कथा मुलांस पाठ आहे. तेथें शब्द गुप्त नव्हताच. जिभेची ठेवण हीच परीक्षा होती. ठसाही तसाच आहे. तो विसरत नाहीं ही त्याची सोय. पण पासवर्ड फुटला तर दुसरा घेतां येतो, अंगठा दुसरा मिळत नाहीं. फोन उघडण्यास ठसा सोयीचा आहे, परंतु त्याच्या मागें एक चांगला शब्द असावाच लागतो.

यंत्राच्या डागडुजीविषयीं थोडक्यांत. १४ मार्च २०१७ रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोजमधील एक भगदाड बुजविणारी दुरुस्ती दिली. १२ मे रोजीं ‘वॉनाक्राय’ नांवाचा उपद्रव त्याच भगदाडांतून जगभर शिरला. इंग्लंडांतील रुग्णालयांत सुमारें १९ हजार रोग्यांच्या ठरलेल्या भेटी रद्द झाल्या. मध्यें दोन महिने होते. आपल्या फोनवर ‘अपडेट’ची सूचना येते तेव्हां ‘नंतर’ ह्या शब्दावर बोट ठेवण्यापूर्वीं हे दोन महिने आठवावे.

त्या मुलानें सुटींत घरीं जाऊन बहिणीसमोर बसून फांसे टाकले, आणि चारही ठिकाणचे शब्द पालटले. शिवाय त्या दोघांनीं एक घरगुती परवली ठरविली आहे : पैशांचा निरोप कोणाच्याही नांवानें येवो, आधीं फोन करावयाचा आणि तो शब्द विचारावयाचा. आवाजाचीही हुबेहूब नक्कल करणारीं यंत्रें निघालीं असल्यामुळें केवळ आवाजावर विसंबावयाचें नाहीं, ही सूचना बहिणीचीच. तो शब्द कोणता हें आम्हांस ठाऊक नाहीं. आम्हीं विचारलाही नाहीं.